सान कोलोम्बानोची बदली

एखाद्या संताची बदली करण्याचा अधिकार नगरपालिकेच्या हिशेबनिसाला नसतो, हे मला मान्य आहे. पोपना असावा, नक्की मलाही माहीत नाही. तरीसुद्धा गेल्या फेब्रुवारीत आमच्या मोंतेग्रिल्लो गावाचे शेकडो वर्षांचे संरक्षक संत सान कोलोम्बानो यांना एका सकाळी पदावरून दूर करून त्यांच्या जागी शेजारच्या गावची संत आणून बसवली, असा माझ्यावर आरोप आहे. मी जे काही केलं ते पोरांना दुपारी वेळेवर जेवायला मिळावं म्हणून केलं, असं मी तेव्हापासून सांगतो आहे. ऐकतं कोण?

मी राजोनिएरे पिगोझी. राजोनिएरे म्हणजे हिशेब शिकलेला माणूस. आमच्या देशात चार बुकं जास्त शिकलेल्याला 'दोत्तोरे' म्हणतात, कमी शिकलेल्यालाही कॉफीचे पैसे तो देणार असेल तर 'दोत्तोरे' म्हणतात. मला मात्र तीस वर्षं सगळे 'राजोनिएरे'च म्हणत आले. माझी तक्रार नाही. फक्त नोंद असावी म्हणून सांगितलं.

तर जेवणाचं. आमच्या प्राथमिक शाळेतल्या दुपारच्या जेवणाची कुपनं माझ्या खिडकीवर मिळायची, मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळच्या वेळात. ज्या आईला नोकरी आहे तिला पोराच्या जेवणासाठी नोकरीवर रजा टाकून माझ्यापुढे उभं राहावं लागायचं. दरीच्या पलीकडे वालफोस्कात बायका अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर बोट टेकवायच्या आणि पोराचं जेवण लागायचं. त्यामुळे आमच्या गावची पोरं एकेक करून पलीकडच्या शाळेत नाव घालू लागली. डोंगराळ भागात पहिलीचा वर्ग उघडायला दहा मुलं लागतात. दहा भरली नाहीत तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही म्हणजे हळूहळू शाळाच नाही. त्या शाळेत माझी बायको ओर्नेल्ला शिकवते. शाळा बंद झाली तर तिची बदली वालफोस्काला होणार हे नक्की होतं.

"मी तिकडे पाऊल टाकणार नाही," ओर्नेल्ला जेवताना म्हणाली. "त्यापेक्षा राजीनामा देईन आणि घरी बसेन. तू निवृत्त झालास की दोघं बसू. दिवसभर. समोरासमोर."

प्रकरणाचं गांभीर्य माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. आमच्याकडे सरकारी कचेरीला नवं सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर आधी बघावं लागतं, की दुसऱ्या एखाद्या कचेरीनं ते करून ठेवलं आहे का. लोकांच्या पैशातून केलेली वस्तू सगळ्या लोकांची, म्हणून एका नगरपालिकेनं केलेलं दुसरीनं फुकट उचलावं, हवं तसं बदलावं, अशी सोय आहे. ते सगळं इंटरनेटवर एका ठिकाणी मांडूनही ठेवलेलं असतं. कायदा मोठा शहाणा आहे, फक्त त्यानं शेजाऱ्यांचा विचार केलेला नाही. मी शाळेच्या जेवणाचं ॲप शोधलं. लहान गावाला परवडेल, पेलवेल आणि कळेल असं एकच सापडलं. करणारी नगरपालिका: वालफोस्का.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वालफोस्काच होतं.

वालफोस्कावाल्यांनी आमच्या चर्चची घंटा चोरली. कधी, ते विचारू नका. तेव्हा माझ्या आजोबांचे आजोबाही जन्मले नसावेत. ते म्हणतात, आम्ही त्यांचा झरा वळवला. घंटा कुठे आहे हे आज कुणालाच ठाऊक नाही, झरा आटून गेला, पण दोन्ही चोऱ्या दोन्ही गावांत काल घडल्यासारख्या ताज्या आहेत. त्यांच्या पोरीनं आमच्याकडे लग्न केलं की ती नातवंडं होईपर्यंत 'वालफोस्कावाली'च राहते.

माझी चूक झाली ती अशी, की हा पेच मी ग्वाल्तिएरोच्या बारमध्ये बोलून दाखवला. नाव न घेता, अगदी सावधपणे म्हटलं, की समजा एका गावानं दुसऱ्या गावाचं काही फुकट घेतलं तर?

"फुकट?" ग्वाल्तिएरो कॉफीच्या यंत्राकडून वळून म्हणाला. "फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी आहे. राजोनिएरे, तुम्ही साधे आहात."

पत्त्यांच्या टेबलावरून एकानं सल्ला दिला की घ्यावं, पण आधी उकळून घ्यावं. दुसरा म्हणाला, माझ्या भाच्यानं संगणकाचं शिक्षण घेतलंय, तो यापेक्षा चांगलं करून देईल. तो भाचा गेली सहा वर्षं आमच्या गावाचं संकेतस्थळ करून देतो आहे आणि त्यावर अजून फक्त एक डोंगर दिसतो. मी कॉफी संपवून निघालो.

नगराध्यक्षाबाई मारिलेना यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि खिडकीही लावली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पण राजोनिएरे, कुणाला कळलं तर पुढच्या निवडणुकीत मला माझा नवरासुद्धा मत देणार नाही."

मग मी वालफोस्काच्या नगरपालिकेत फोन केला. तिथे हे सगळं बघणाऱ्या बाई म्हणजे सिन्योरा देल्फीना झुक्की. आवाजात इतका गोडवा की मला लगेच संशय आला.

"तुम्ही घेताय? वा, फार छान झालं," त्या म्हणाल्या. "मी अर्धा दिवस येऊन बसते तुमच्याकडे. आमच्या गावच्या काही गोष्टी आत पक्क्या बसवलेल्या आहेत, त्या तुमच्या करून घ्याव्या लागतील."

आता मला सांगा, सिन्योरा देल्फीना आल्या असत्या तर कशातून? नगरपालिकेच्या गाडीतून. त्या गाडीच्या दारावर वालफोस्काचं चिन्ह, ही एवढी मोठी पांढरी हंसीण. ती गाडी आमच्या चौकात दुपारपर्यंत उभी राहिली असती तर संध्याकाळी नगरपालिकाच राहिली नसती. मी म्हणालो, "त्रास घेऊ नका बाई. आमच्याकडे अनुभवी माणूस आहे."

अनुभवी माणूस म्हणजे मी. मी ते ॲप उतरवून घेतलं आणि जिथे जिथे 'वालफोस्का' होतं तिथे 'मोंतेग्रिल्लो' घालायची आज्ञा संगणकाला दिली. हंसीण काढून आमच्या गावचं चिन्ह, नाकतोडा, बसवला. त्यांचा निळा रंग घालवून आमचा लाल आणला. शेवटी बारकाईनं तपासलं. वालफोस्काचा मागमूस उरला नव्हता. इतकं सफाईचं काम मी आयुष्यात केलं नसेल.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि ॲप धावू लागलं. पद्धत सोपी होती. शाळा उघडी असेल त्या दिवशी प्रत्येक मुलाचं जेवण खालच्या गावातल्या स्वयंपाकघराला आपोआप सांगितलं जाई. ज्यांना नको त्यांनी सकाळी नको म्हणायचं. आयांनी मला रस्त्यात थांबवून धन्यवाद दिले. नगराध्यक्षाबाईंनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि 'आमच्याच माणसांनी घडवलेलं' असा शब्दप्रयोग केला. ग्वाल्तिएरो म्हणाला, "बघा, आपल्यात डोकं आहेच. वालफोस्कावाल्यांना असलं सुचलं असतं का?" मी बिस्किट कॉफीत बुडवलं.

नोव्हेंबर आला. तेवीस तारीख आमच्या सान कोलोम्बानोची. आमच्याकडे प्रत्येक गावाला आपल्या संताच्या दिवशी सुट्टी असते. त्या दिवशी आमची शाळा बंद, कचेरी बंद, आणि दरीच्या पलीकडे सगळे कामावर, याचा आनंद वेगळाच असतो. मिरवणूक चौकात पोचली होती. पुढे फादर सिल्वानो, आमचे पाद्री. मागे खांद्यावर संताची मूर्ती. त्यामागे सान कोलोम्बानो समितीच्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या अग्रभागी सिन्योरा एर्मेलिंदा, जिच्यापुढे बिशपसुद्धा टोपी सावरतो. इतक्यात खालच्या गावातून जेवणाची गाडी वर आली आणि मूर्तीच्या पुढ्यात उभी राहिली. चालकानं दार उघडून विचारलं, "शाळेला कुलूप आहे. हे सगळं कुठे उतरवू?"

सगळ्या शाळेचं जेवण होतं. वाफाळत होतं. नगराध्यक्षाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मूर्तीकडे बघितलं.

फादर सिल्वानो हजरजबाबी माणूस. त्यांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला आणि जाहीर केलं, की संताच्या सणानिमित्त यंदा नगरपालिकेतर्फे सर्वांना जेवण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांनी लाझान्या खाऊन पाहिली आणि नाक मुरडत दुसऱ्यांदा घेतली. नगराध्यक्षाबाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धन्यवाद, दोत्तोरे." आयुष्यात पहिल्यांदा. मी कॉफीही पाजली नव्हती.

आता ज्या चुकीबद्दल माणसाला हार घालतात ती चूक कोण शोधायला जातो? सुट्टीच्या दिवशी जेवण का आलं, हा प्रश्न मला त्या रात्री पडायला हवा होता. पण मला फार छान झोप लागली.

जानेवारीत शाळाप्रवेश सुरू झाले. ओर्नेल्ला रोज घरी आल्यावर कोट न काढता आकडा सांगायची. पाच. सहा. मग आठ, आणि आठावर गाडी अडली. शेवटची तारीख दहा फेब्रुवारी. राहिली होती ती द्रिताची जुळी. द्रिता अल्बानियाची, खालच्या चीजच्या कारखान्यात कामाला, घर दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये. तिची थोरली मुलगी वालफोस्काच्या माध्यमिक शाळेत जाते, कारण आमच्याकडे तेवढी शाळा नाही. जुळ्यांना कुठे घालायचं हे तिचं ठरत नव्हतं. ओर्नेल्लानं तिला नऊ तारखेला शाळा बघायला आणि मुलांबरोबर जेवायला बोलावलं.

"जेवण नीट असू दे," ओर्नेल्ला मला बजावून म्हणाली.

"त्याची काळजी ॲपला," मी म्हणालो.

नऊ तारखेला सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग थांबेचना. गावातल्या सगळ्या पालकांना ॲपचा मेसेज गेला होता: 'आज मोंतेग्रिल्लोच्या संरक्षक संत, सान्ता अपोलोनिया यांचा सण. शाळा व जेवणघर बंद. सर्वांना सणाच्या शुभेच्छा. संत आपले दात सांभाळो.'

सान्ता अपोलोनिया ही दातदुखीची संत, आणि वालफोस्काची संरक्षक. हे आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आधी पोरांना कळतं.

मी चौकात पोचलो. नगरपालिकेची विजेची पाटी ॲपला जोडण्याची कल्पना माझीच होती. तिच्यावर लाल अक्षरांत अपोलोनिया फिरत होती आणि शेजारी आमचा नाकतोडा उड्या मारत होता. बारच्या दारात गर्दी होती.

"तेराशे वर्षांची नोकरी," ग्वाल्तिएरो म्हणाला, "आणि नोटीस न देता काढलं. कारखान्यात असं केलं असतं तर संप झाला असता."

"निवृत्तिवेतन तरी देणार का त्यांना, राजोनिएरे?" पत्त्यांच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

मी पुन्हा राजोनिएरे झालो होतो. वर गेलो तर जिन्यात समितीच्या म्हाताऱ्या. सिन्योरा एर्मेलिंदा काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती.

"मी एवढंच विचारायला आले," ती म्हणाली, "की मूर्ती आम्ही हलवायची, की नगरपालिकेची माणसं येणार?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ओर्नेल्लाचा फोन आला. ती चिडली की आवाज खाली जातो; आता मला तो जेमतेम ऐकू येत होता.

"अर्धी मुलं आली आहेत. अर्धी सणाला म्हणून बर्फात खेळायला गेली. द्रिता जुळ्यांना घेऊन बसली आहे. जेवणाची गाडी येणार का?"

मी खालच्या स्वयंपाकघरात फोन लावला. ते म्हणाले, तुमच्याच ॲपनं सांगितलं आज बंद, शिजवलेलं सगळं दुसऱ्या शाळांना गेलं. मी खुर्चीत बसलो. समोर म्हाताऱ्या, खाली बार, उद्या शेवटची तारीख, आणि शाळेत एक बाई आपल्या दोन पोरांना घेऊन जेवणाची वाट बघत होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला संताचं काही वाटलं नाही. मला ओर्नेल्लाच्या त्या रिकाम्या वर्गाचं वाईट वाटलं. ती गेली तीस वर्षं पहिलीच्या मुलांच्या नावांची रंगीत कागदी फुलं कापून भिंतीला लावते. यंदाही आठ कापून ठेवली होती.

मी सगळ्यांसमोर देल्फीनाबाईंना फोन लावला. त्यांच्या मागे बँड वाजत होता.

"राजोनिएरे, आज आमचा सण आहे," त्या ओरडून म्हणाल्या.

"ठाऊक आहे बाई," मी म्हणालो. "आमच्या पाटीवर लिहिलंय."

त्या हसू लागल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. मी सगळं सांगितलं: हंसीण, नाकतोडा, जुळी, सगळं. हसणं थांबलं.

"म्हणजे सुट्ट्यांचं कॅलेंडर आमचंच राहिलं," त्या म्हणाल्या. "मी तेच दाखवायला येणार होते. जाऊ दे. मुलं उपाशी आहेत ना? आमची पोलेंता शिजते आहे चौकात, सगळ्या गावाला पुरून उरते. आलेच."

त्या आल्या. पण पोलेंतेचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या लापशीचा, तांब्याचा हंडा एवढा मोठा, की तो बसेल अशी गाडी एकच होती, आणि तिच्यावर बँड चढून बसला होता. बँडला उतरवायला वेळ नव्हता. त्यामुळे दुपारी, पुढे हंसिणीची गाडी आणि मागच्या गाडीत हंड्याभोवती दाटीवाटीनं बसून वाजवणारा वालफोस्काचा बँड, असं सगळं आमच्या चौकात शिरलं. असं कधी घडल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. बारमधले पत्ते थांबले.

सिन्योरा एर्मेलिंदा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी थांबली. बँडही एकेक वाद्य करत थांबला, ढोल सगळ्यात शेवटी.

"आम्हाला वालफोस्काचं काही नको," ती म्हणाली. "आमचा संत आमचा आहे."

फादर सिल्वानो चर्चच्या पायरीवरून खाली आले. "एर्मेलिंदा," ते म्हणाले, "सान कोलोम्बानो आयर्लंडचे. तिथून चालत आपल्या डोंगरात आले. आपणही फुकटच घेतले, आणि नावसुद्धा बदललं नाही."

"आयर्लंडचं वेगळं," एर्मेलिंदा म्हणाली. "ते लांब आहे."

"म्हणजे लांबच्याकडून घेतलेलं चालतं, शेजाऱ्याकडून नाही?"

"शेजाऱ्याकडून घेतलं की तो रोज समोर दिसतो, फादर."

मी स्वतः सहा महिने त्याच कारणानं हंसीण लपवत आलो होतो. तेवढ्यात शाळेचं दार उघडलं आणि मुलं वासावर बाहेर आली. त्यांच्यात द्रिताची जुळीही होती. त्यांनी संताचा काही विचार न करता सरळ हंड्याकडे धाव घेतली. एर्मेलिंदानं काठी बाजूला घेतली. तिच्या हातात कुणीतरी ताटली दिली. तिनं एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसून सगळं संपवलं.

द्रिता भिंतीला टेकून हे बघत होती. मी माफी मागायला गेलो. म्हटलं, शाळा रोज अशी नसते.

"म्हणजे तुमचं आणि त्यांचं ॲप एकच?" तिनं विचारलं.

"एकच," मी म्हणालो. आता लपवायला काय उरलं होतं?

"थोरलीसाठी ते माझ्या फोनवर आहेच. मग मला नवं काही शिकायला नको." तिनं हंड्यापाशी खाणाऱ्या जुळ्यांकडे बघितलं. "मी इथे आले तेव्हापासून सगळे मला विचारतात, तू कुठली. आज पहिल्यांदा तो प्रश्न तुमच्या संताला आणि पोलेंतेला विचारताना पाहिलं. आणि शेवटी दोघांनाही ठेवून घेतलंत." तिनं फोन काढला आणि तिथेच, ओर्नेल्लाला विचारत विचारत, दोघांची नावं घातली. ओर्नेल्ला वर्गात गेली. मागून गेलो तर ती कात्री घेऊन बसली होती.

जेवणानंतर देल्फीनाबाई वर कचेरीत माझ्या शेजारी बसल्या. गाडी खाली चौकात, हंसीण सगळ्यांच्या नजरेसमोर. आम्ही दोघांनी मिळून ॲपमध्ये एक नवी जागा केली: गावानं आपला संत स्वतः सांगायचा, आणि त्याचा दिवस कळल्याशिवाय ॲप सुरूच होणार नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शोध. बाई म्हणाल्या, ही दुरुस्ती आता सगळ्यांसाठी परत ठेवायची, तसा रिवाज आहे. खाली लिहायचं, 'मोंतेग्रिल्लो नगरपालिकेकडून'. मी विचारलं, वालफोस्काच्या पानावर आमचं नाव चालेल का? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आरडाओरडा होईल. होऊ दे."

झालाही, असं ऐकतो.

सप्टेंबरात पहिलीचा वर्ग भरला. मी सकाळी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी उभा होतो. दहा पोरं दोघादोघांच्या रांगेत आत गेली, जुळी हात धरून सगळ्यात पुढे, आणि ओर्नेल्लानं जाता जाता माझ्याकडे बघितलं. एवढ्यात फोन वाजला. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातून एक गृहस्थ बोलत होते. म्हणाले, तुमचं जेवणाचं ॲप आम्ही घेतोय. बाकी सगळं जमलं, फक्त एका जागी अडलंय, संताचं नाव घातल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही.

"मग घाला की," मी म्हणालो. "कोण आहेत तुमचे संत?"

ते जरा घुटमळले. "तोच तर प्रश्न आहे. वरच्या आळीचा वेगळा आणि खालच्या आळीचा वेगळा. दोन्ही आळ्या एकमेकींशी बोलत नाहीत. आणि शाळा एकच आहे."

मी फाटकाजवळच्या कठड्यावर नीट टेकून बसलो.

"सांगा," म्हटलं. "अगदी पहिल्यापासून सांगा. मला वेळ आहे."